आप्पांची सीडी, अहिराणी शब्द आणि एक अर्धा र

ऱ्हायना. एवढा एक शब्द नीट उमटवायला मला तीन आठवडे लागले. अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीत, हा शब्द दर दोन ओळींनी येतो, काय करी ऱ्हायना म्हणजे काय करतोय, कथा जाई ऱ्हायना म्हणजे कुठे चाललाय, त्यामुळे तो चुकला की अख्खं पुस्तक चुकलं. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी बरंच काही झालं, ते सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण असं जुनं टायपिंग खूप जणांच्या घरात पडलेलं असणार आणि ते वाचवता येतं.

माझ्या बायकोचे मामा, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरीत असताना जिथे जिथे बदली झाली तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून त्यांनी अहिराणी शब्द, म्हणी, खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी वह्यांत उतरवून ठेवली. २००४ ला धुळ्याच्या एका डीटीपीवाल्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्याकडून, सगळं टाईप करून घेतलं, २१२ पानं झाली, प्रूफही काढलं. मग घरातल्या आजारपणात पैसे संपले आणि छपाई राहिली ती राहिलीच. वह्या नंतर घर बांधताना गेल्या. उरलं काय, तर एक सीडी आणि प्रूफच्या प्रिंटचा गठ्ठा, त्यातलीही चाळीसेक पानं वाळवीने खाल्लेली. मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो तेव्हा जेवण झाल्यावर त्यांनी पेटीतून सीडी काढून हातात दिली आणि म्हणाले, जवाई, तुम्ही कॉम्प्युटरवाले, यात काही आहे का बघा. मी जळगावला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो आणि नवीन सॉफ्टवेअर दिसलं की लावून बघायची मला लहानपणापासून आवड, त्यामुळे हो म्हटलं. दोन दिवसांचं काम असेल असं वाटलं होतं. दिवाळी आली.

पहिली अडचण सीडीचीच. माझ्या लॅपटॉपला ड्राईव्हच नाही, आता कोणाच्याच नसतो, मित्राकडून यूएसबीचा डीव्हीडी ड्राईव्ह आणला. सीडीवर नऊ फाईली दिसल्या, सात कॉपी झाल्या, दोन मधेच अडकायच्या आणि एरर यायची. घरी लिहिलेल्या सीडीत एक रंगाचा थर असतो, त्यावर डेटा उमटतो, आणि ऊन-उष्णतेने तो थर खराब होत जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि ही सीडी पत्र्याच्या खोलीत लोखंडी पेटीत वीस वर्षं होती, म्हणजे सात फाईली निघाल्या हेच नशीब.

अशा वेळी लोक काय करतात, तर परत परत कॉपी-पेस्ट मारत बसतात. त्याने काही होत नाही, ड्राईव्ह दर वेळी त्याच खराब जागेवर डोकं आपटत बसतो. मी जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलेलं होतं, त्यावर जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब सीडी-डिस्कमधला डेटा काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. फुकट आहे, दिसायला काळी खिडकी आहे, पण त्याची पद्धत फार शहाणी आहे. आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं वाचून घेतं, जिथे अडकलं ती जागा सोडून पुढे जातं, आणि कुठलं वाचलं कुठलं राहिलं याची नोंद एका मॅपफाईलमध्ये ठेवतं. मग दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर काम करतं. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तीच मॅपफाईल घेऊन सीडी दुसऱ्या ड्राईव्हमध्ये टाकली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं, आणि एका ड्राईव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येऊ शकतं. मी ऑफिसमधल्या जुन्या पीसीचा ड्राईव्ह काढून लावला तर त्याने आणखी बरंच काढलं. सीडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण डेटा गोल लिहिलेला असतो आणि गोल चरा पडला तर एकाच जागचा सलग डेटा जातो. शेवटी नऊपैकी आठ फाईली पूर्ण निघाल्या. नववीतले बरेच सेक्टर गेले, एक सेक्टर २०४८ बाईटचा असतो, आणि ती फाईल काही केल्या उघडेना.

फाईली पेजमेकर ६.५ च्या. ज्यांनी त्या काळात लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक छापलाय त्यांना पेजमेकर माहीत असणार. आल्डस नावाच्या कंपनीने १९८५ ला काढलेलं सॉफ्टवेअर, १९९४ ला अडोबीकडे गेलं, आणि शेवटची ७.० आवृत्ती आली २००१ ला. नवीन विंडोजवर ते बसवायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधलं ड्रॉ पेजमेकरच्या फाईली उघडतं, हे फार कमी लोकांना माहितीय. उघडली तर पानांची मांडणी बरोबर, चौकटी बरोबर, पण अक्षरं म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेला इंग्रजी ए, मग पौंडाचं चिन्ह, मग उलटं प्रश्नचिन्ह, असं पानभर.

हे का होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आज आपण फोनवर क टाईप करतो तेव्हा आत क चाच क्रमांक साठवला जातो, युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, जगातल्या कुठल्याही फोनवर तो क च राहतो. पण तेव्हाच्या डीटीपी फॉन्टमध्ये तसं नव्हतं. इंग्रजीच्या जागा होत्या, २५६ च्या आत, त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. आत इंग्रजी ए, वर चित्र अर्ध्या ख चं. फॉन्ट असला तर मराठी दिसणार, फॉन्ट नसला तर ए दिसणार. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकीच्या फॉन्टचं दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकलं की कचरा. यात त्या डीटीपीवाल्याची काही चूक नाही, पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधी आलंच नाही, त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

फाईलमध्ये फॉन्टचं नाव होतं पण फॉन्ट नव्हता. धुळ्याचं दुकान बंद झालेलं, पण आप्पांना ऑपरेटरचं नाव आठवत होतं, विचारत विचारत सापडला, आता झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याच्या माळ्यावर जुना सीपीयू होता, त्याची हार्ड डिस्क काढून केबलने लावली आणि फॉन्टची फाईल मिळाली. त्या माणसाने चहा पाजला, एक रुपया घेतला नाही, आणि म्हणाला की मास्तरांचं पुस्तक छापलं गेलं नाही याचं मलाही वाईट वाटत होतं.

फॉन्ट बसवला आणि पान उघडलं. मराठी दिसलं. आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, भो, हाई तं मनंच शे, म्हणजे अरे, हे तर माझंच आहे.

घरात सगळ्यांना वाटलं झालं काम, प्रिंट काढा. मलाही मोह झाला. पण मी तोच मजकूर उचलून बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवला तर तिच्याकडे परत तेच डोक्यावरचे ठिपके. म्हणजे दिसतंय ते मराठी, आत अजून कचराच. शोधता येणार नाही, फोनवर वाचता येणार नाही, उद्या तो फॉन्ट हरवला की परत शून्य. आप्पांचा शब्दकोश आहे, त्यात शब्द शोधताच आला नाही तर उपयोग काय. म्हणून आतली अक्षरं खरी मराठी करायची असं ठरवलं, आणि खरं काम इथून सुरू झालं.

आधी तयार रस्ता बघितला. असा मजकूर युनिकोडमध्ये करून देणाऱ्या साईट बऱ्याच आहेत, आमच्या फॉन्टशी जुळणारी एक सापडली, एक पान टाकलं तर नव्वद टक्के बरोबर आलं, मी खूश. मग वाचायला घेतलं तर दिसलं की जिथे जिथे ऱ्हायना हवं तिथे र्हायना आलंय, म्हणजे अर्धा र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसलाय. हिंदीत आपल्यासारखा हा आडवा अर्धा र नाही, त्यामुळे कुठल्या खुणेच्या जागी कुठलं अक्षर टाकायचं याचं जे टेबल हिंदीच्या अंगाने बनवलेलं असतं त्यात त्याचा विचारच नसतो. मराठीत मात्र तो पाहिजेच. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्याला म्हणजे स्वयंपाक्याला, आचार्याला म्हणजे गुरुजींना. मराठीत तो अधूनमधून येतो, अहिराणीत ऱ्ह मुळे पानोपानी. साईटवाल्याला दोष देत नाही, पण आपल्या बोलीचं टेबल आपणच करायला पाहिजे हे तिथे पक्कं झालं.

मग फॉन्टफोर्ज उघडलं. फॉन्ट आतून बघायचं आणि बनवायचं हे फुकट सॉफ्टवेअर, त्यात प्रत्येक जागेवर कुठलं चित्र आहे ते चौकटी चौकटीत दिसतं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, दोन रकाने, डावीकडे इंग्रजी खूण, उजवीकडे तिचं खरं मराठी. रात्री जेवण झाल्यावर बसायचो, दोनशेच्या वर जागा भरल्या. यात किती बारकावे असतात ते हात घातल्यावरच कळतं. पहिल्या वेलांटीचीच तीन चित्रं होती, अरुंद अक्षरासाठी वेगळी, रुंदसाठी वेगळी. रफार आणि अनुस्वार एकत्र असं एक वेगळं चित्र. अर्ध्या ख ला काना लावला की पूर्ण ख, म्हणजे ख ही दोन तुकड्यांत.

टेबल झालं की पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. मी काही प्रोग्रामर नाही, कामापुरतं येतं. ड्रॉमधून फाईल फ्लॅट एक्सएमएल म्हणून सेव्ह केली की ती साधी टेक्स्ट फाईल होते आणि त्यात कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये आहे तेही मिळतं. हे फार कामाचं निघालं, कारण आप्पांनी झाडाझुडपांची लॅटिन नावं पण दिली होती, ती साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये, आणि पहिल्यांदा मी सरसकट सगळं बदललं तर निंबाच्या लॅटिन नावाचं भलतंच काहीतरी मराठी झालं. मग फक्त त्या मराठी फॉन्टचा मजकूर बदलायचा असं केलं.

नुसतं एकाच्या जागी दुसरं टाकून मात्र भागत नाही, क्रम बदलावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाईप होतं, म्हणजे स्थिती लिहायचं तर आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, आधी स्थ, मग वेलांटी. म्हणून स्क्रिप्टला शिकवावं लागलं की वेलांटी दिसली की पुढचं अख्खं जोडाक्षर ओलांडून तिच्या मागे नेऊन ठेव, एकच अक्षर ओलांडलंस तर चुकशील. रफारचं याच्या उलट. धर्म मध्ये जुन्या पद्धतीत ध, म आणि वर रफार, युनिकोडमध्ये ध, मग र ला हलंत म्हणजे पाय मोडायची खूण, मग म. म्हणजे रफार मागे खेचायचा. हे दोन नियम जमले की मजकूर एकदम उजळतो, खरंच पहाट झाल्यासारखं वाटतं, जो कधी असं काम करेल त्याला कळेल.

आणि तरीही ऱ्हायना चुकलं. साईटवर चुकलेलं तेच माझ्याकडे. दोन रात्री मी स्क्रिप्टच तपासत बसलो, आणि चूक निघाली टेबलात. त्या आडव्या अर्ध्या र च्या जागेपुढे मी सवयीने र आणि हलंत लिहिलं होतं. पण र ला हलंत देऊन पुढे व्यंजन आलं की कॉम्प्युटर त्याचा रफारच करतो, तसा नियमच आहे. आडवा र हवा असेल तर त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ हे वेगळं अक्षर आहे, युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचं, त्याला हलंत द्यायचा. टेबलात एक अक्षर बदललं, स्क्रिप्ट परत चालवली, आणि पुस्तकभर ऱ्हायना, ऱ्हायनी, ऱ्हायनात सगळे जागेवर.

यातच एक छुपी गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कोणी सांगत नाही. हाच आडवा र अजून एका पद्धतीने लिहिला जातो, साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे. पण शोधायला गेलं तर वेगळे. भाची फोनवरून ऱ्हायना टाईप करून शोधत होती आणि उत्तर यायचं काही सापडलं नाही, शब्द डोळ्यासमोर दिसतोय तरी. तिच्या कीबोर्डवरून दुसरी पद्धत येत होती. मग सगळीकडे एकच पद्धत ठेवली आणि शोधायच्या खिडकीत आलेला शब्दही आधी त्याच पद्धतीत बदलून मग शोधायचा असं केलं. मराठीत काहीही साठवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासावं असं मी कळकळीने सांगतो.

आता राहिली ती नववी फाईल, साधारण चोवीस पानं. तिच्यासाठी प्रूफचा गठ्ठा काढला. फोनने फोटो काढण्यापेक्षा स्कॅनर बरा, ३०० डीपीआयवर स्कॅन केलं आणि टेसरॅक्ट लावलं. हे चित्रातलं अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर, एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं, २००५ ला सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यात मराठीही आहे. मराठी ते झकास वाचतं. अहिराणी आली की अडखळतं, कारण त्याच्याजवळ मराठीचा शब्दसाठा असतो आणि तो त्याला ओळखीच्या शब्दाकडे ओढतो. शे चं हे झालं, माले चं माळे झालं. सेटिंगमध्ये तो शब्दसाठा बंद करता येतो, तसं केल्यावर बरंच सुधारलं. मधे एकदा वाटलं आप्पांनाच वाचायला लावू आणि व्हॉइस टायपिंगने लिहून घेऊ. आप्पा म्हणायचे माले, स्क्रीनवर उमटायचं मला. आप्पा म्हणायचे आंडोर, म्हणजे मुलगा, तर काहीतरी भलताच शब्द. फोनच्या भाषांच्या यादीत अहिराणी नाही, तो बिचारा ऐकलेलं मराठीत बसवायला बघतो. दहा मिनिटांत आप्पा दमले, मी ते बंद केलं आणि ज्या पानांवर टेसरॅक्ट फार चुकलं ती भाचीने हाताने टाईप केली.

तपासणीचा भाग लांबला पण तोच सगळ्यात आवडला. स्पेलचेक लावलं तर अख्खं पान लाल, अहिराणीचा एकेक शब्द त्याच्या लेखी चूक. मग दोन गोष्टी केल्या. लिबरऑफिसमध्ये मजकुराच्या भाषेच्या जागी हाताने कोड लिहिता येतो, आणि भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतःचा कोड आहे, एएचआर. तो टाकला आणि लाल रेघा गेल्या. मराठी म्हणून चुकीची नाही, अहिराणी म्हणून नोंदलेली, एवढं तीन अक्षरांनी होतं. दुसरं, स्क्रिप्टने पुस्तकातल्या सगळ्या वेगवेगळ्या शब्दांची यादी काढली, कुठला किती वेळा आला तेही. जे शब्द एकदाच आले ते आधी बघायचे, कारण चूक बहुतेक एकदाच होते, बरोबर शब्द परत परत येतो. ती यादी घेऊन रविवारी अमळनेरला जायचो. बायको मोठ्याने वाचायची, आप्पा खाटेवर पडून डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलं की नुसतं बोट वर करायचे. जाता जाता सांगतो, हे तेच अमळनेर जिथे १९४५ ला विप्रोची सुरुवात झाली, तेव्हा वनस्पती तुपाचा कारखाना होता तो. कॉम्प्युटरचा एवढा मोठा वारसा असलेल्या गावाजवळ बसून हे काम करतोय याचं मला मनापासून बरं वाटायचं.

मजकूर झाला आणि फॉन्ट निवडायची वेळ आली. मी एक चांगला फुकट मिळणारा देवनागरी फॉन्ट लावून पीडीएफ दिली तर आप्पांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, हाऊ ल आपला नही. बरोबर होतं त्यांचं. हिंदी वळणाचा ल आणि श वेगळा असतो, मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी असेल तरच मराठी वळण येतं, आणि मी तर कोड अहिराणीचा दिला होता. शेवटी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला, फुकट मिळतो आणि त्यात मराठी ल आणि श मुळातच आहेत. आप्पांनी परत बघितलं, मान हलवली.

फोनवर वाचायला सिजिल या सॉफ्टवेअरमध्ये ईपब म्हणजे ई-पुस्तक केलं, छपाईसाठी पीडीएफ, आणि मुख्य म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत. देवनागरीचं एक अक्षर त्यात ३ बाईट घेतं तरी आख्खं पुस्तक एमबीभरच्या आसपास बसलं, एका फोटोपेक्षा लहान. ती टेक्स्ट फाईल मी सगळ्यात महत्त्वाची मानतो, कारण ती उघडायला कुठलंच खास सॉफ्टवेअर लागत नाही. एक प्रत आप्पांकडे पेन ड्राईव्हवर, एक माझ्याकडे, एक क्लाउडवर, आणि दर दिवाळीला तिन्ही उघडून बघायच्या असं भाचीच्या फोनमध्ये रिमाइंडर लावलंय. तुमच्या घरात जुनं डीटीपी असेल तर एक साधी परीक्षा घ्या, चार ओळी उचलून नोटपॅडमध्ये टाका, मराठी राहिलं तर ठीक, नाही राहिलं तर तो फॉन्ट आत्ता जपून ठेवा, आणि तो माणूस शोधा ज्याने ते टाईप केलं.

एक गोष्ट राहिली. नवव्या फाईलची काही पानं वाळवीनेही खाल्ली होती, त्यामुळे अकरा शब्द असे आहेत की अर्थ आहे पण शब्द गेलाय. तिथे मी काही भरलं नाही, रिकामी चौकट ठेवली. आप्पांनी अर्थ वाचून वाचून सात आठवले. एक तर मध्यरात्री आठवला आणि त्यांनी तेव्हाच फोन केला, मी झोपेतच लिहून घेतला. चार अजून रिकामे आहेत. त्यांची मोठी बहीण शिरपूरकडे असते, ऐंशीच्या पुढची, कानबाईला माहेरी येते. कानबाईचे रोट झाल्यावर निवांत बसवून तिला विचारायचं ठरलंय, भाची रेकॉर्डर चार्ज करून ठेवणार आहे.